आधी फाइल, मग टोकन

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात छापलेल्या जाहीर नोटिसा बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. अमुक सोसायटीतला अमुक क्रमांकाचा फ्लॅट आमचे अशील विकत घेत आहेत. त्यावर कोणाचा वारसा, गहाण, दान, ताबा असा कसलाही हक्क असेल तर सात किंवा चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावे, अन्यथा तो हक्क सोडून दिल्याचे समजले जाईल. शेजारच्या चौकटीत कुणाचा तरी मूळ करारनामा किंवा शेअर सर्टिफिकेट गहाळ झाल्याची नोटीस असते. हा मजकूर एकदा नीट वाचावा. नोटीस बहुधा खरेदीदाराचा वकील देतो, तिचा खर्च खरेदीदार करतो, आणि ती छापून येते तोवर टोकनची रक्कम बहुतेक वेळा विक्रेत्याच्या खात्यात पोहोचलेली असते. घर निर्वेध आहे का, हा प्रश्न पैसे दिल्यानंतर विचारला जातो. आणि ज्याला त्याचे उत्तर सर्वांत आधी ठाऊक असायला हवे त्या मालकाऐवजी तो साऱ्या गावाला विचारला जातो.

हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. राहते घर विकायला काढणाऱ्याने त्याची कागदपत्रे जाहिरात देण्याआधी, दलालाला किल्ली देण्याआधी, एका फाइलमध्ये गोळा करून ठेवली पाहिजेत आणि पाहायला येणाऱ्या गंभीर ग्राहकाला ती दाखवली पाहिजेत. आज हे विक्रेत्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. ते त्याचे कायदेशीर कर्तव्य व्हायला हवे. महाराष्ट्रात बिल्डरकडून पहिल्यांदा घर घेणाऱ्याला असे संरक्षण रेरा या स्थावर संपदा कायद्यामुळे 2017 पासून मिळते. तेच घर पुढे दुसऱ्या, तिसऱ्या हाताने घेणाऱ्याला मात्र मिळत नाही.

आपल्या कायद्यात विक्रेत्यावर काहीच बंधन नाही, असा समज चुकीचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा. त्याच्या कलम 55 नुसार, मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडण्याजोगा नाही, तो विक्रेत्याने उघड केलाच पाहिजे. तो लपवणे हे कायद्याच्या भाषेत कपट ठरते. खरेदीदाराने मागितल्यास मालकीची सर्व कागदपत्रे तपासायला देणे, संबंधित प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे उत्तरे देणे आणि विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी भागवणे हीदेखील त्याचीच कामे आहेत. एकशेचाळीसहून अधिक वर्षे हे कलम पुस्तकात आहे. पण त्यातले दोन शब्दप्रयोग सगळे वजन दुसऱ्या पारड्यात टाकतात. कागदपत्रे द्यायची ती ‘मागितल्यास’. आणि दोष उघड करायचा तो ‘साधारण काळजी घेऊनही न सापडणारा’. शिवाय दोघांमध्ये वेगळा करार झाला असेल तर ही बंधने सैल होऊ शकतात. काय मागायचे हेच ज्याला ठाऊक नाही, अशा पहिल्यांदा घर घेणाऱ्या कुटुंबाला या कलमाचा फारसा उपयोग होत नाही.

त्यावर याच कायद्याचे कलम 3 आणखी ओझे टाकते. ज्या व्यवहाराची नोंदणी सक्तीची आहे आणि झालेली आहे, त्याची माहिती नंतरच्या खरेदीदाराला आहे असेच कायदा धरून चालतो. तुम्ही निबंधक कार्यालयाचे दप्तर पाहिले असो वा नसो, पाहिले आहे असे मानले जाते. आणि नोंदणी करणारा अधिकारी तुमच्या वतीने काही पाहतो का? तर नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा एक नियम रद्द केला. विक्रेत्याने आपल्या मालकीचा मूळ दस्त आणि बोजा-दाखला आणल्याशिवाय नोंदणी करू नये, असा तो नियम होता. न्यायालयाने स्पष्ट केले की 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार विक्रेत्याची मालकी तपासणे हे निबंधकाचे कामच नाही. दस्त रीतसर असेल आणि शुल्क भरलेले असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. अनेकांना वाटते की ‘रजिस्ट्रेशन झाले’ म्हणजे सरकारने मालकीवर शिक्का मारला. तो शिक्का फक्त एवढेच सांगतो, की या दोन माणसांनी या दिवशी येऊन हा कागद आमच्यापुढे सह्या करून नोंदवला.

आता प्रत्यक्ष फाइलकडे वळू, कारण नेमक्या कशासाठी एवढा आग्रह धरायचा ते त्याशिवाय कळणार नाही. फाइलचा कणा म्हणजे करारनाम्यांची साखळी, वकील जिला ‘चेन’ म्हणतात. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करारनामा, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे सगळे मूळ दस्त, त्यांच्या नोंदणीच्या पावत्या आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेतला ‘इंडेक्स टू’. यातली एक कडी निखळली तरी बँक कर्ज द्यायला कचरते. महाराष्ट्रात इथे 10 डिसेंबर 1985 ही तारीख महत्त्वाची ठरते. ताबा देणाऱ्या करारनाम्याला खरेदीखतासारखेच पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झाले ते तेव्हापासून; त्याआधीचे करारनामे अगदी किरकोळ रकमेच्या स्टॅम्पवर होत. त्यानंतरही अनेक दस्त अपुऱ्या शुल्कावर झाले. अपुऱ्या शुल्काचा दस्त न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही आणि तुटीवर दरमहा 2 टक्के दंड, तुटीच्या चौपटीपर्यंत, चढत जातो. ही दुखणी इतकी पसरलेली होती की राज्य सरकारला डिसेंबर 2023 पासून खास अभय योजना आणावी लागली, आणि तिच्यात 1 जानेवारी 1980 पासूनचे दस्त घ्यावे लागले. मालकाला अशी तूट भरून काढायला वीस-पंचवीस वर्षे मिळालेली असतात. ती सापडते मात्र टोकननंतरच्या महिनाभरात, जेव्हा खरेदीदाराने स्वतःचे जुने घर विकलेले असते आणि त्याच्या कर्जाच्या मंजुरीची मुदत सरत आलेली असते.

सर्वांत जास्त व्यवहार जिथे अडकतात तो भाग वारसांचा. करारनामा वडिलांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचे नाव, वडील गेल्यावर शेअर सर्टिफिकेट आईच्या नावे झालेले, आणि आता घर विकायला निघालेला असतो मोठा मुलगा. घरात कुणालाच यात काही खटकत नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने नॉमिनीच्या नावे भाग वर्ग केले तरी वारसांचे हक्क शाबूत राहतात आणि ते त्यासाठी दाद मागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सांगितले. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले, त्यातही नॉमिनीचे स्थान तात्पुरत्या सभासदाचे आहे. म्हणून लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह सर्व वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे, नाहीतर सगळ्यांच्या विक्रीखतावर सह्या, याला पर्याय नाही. एखादा भाऊ न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला असेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा नोटरीकडून साक्षांकित होऊन यावे लागते आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. तो अनिवासी आहे, हेही खरेदीदाराला आधी कळायला हवे, कारण मग करकपातीचे नियम बदलतात. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीवर 1 टक्का कापून भरायचा असतो. अनिवासी असेल तर 50 लाखांची ती मर्यादा लागू नाही आणि दरही बराच जास्त आहे. न कापलेल्या कराची जबाबदारी खरेदीदारावर येते. गोव्यात तर पती-पत्नीच्या समाईक मालकीच्या कायद्यामुळे, दस्त एकाच्या नावावर असला तरी जोडीदाराची सही घ्यावी लागते, आणि मृत्यूनंतरच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीची प्रक्रिया पार पाडावी लागते. हे सगळे महिन्यांचे काम आहे. ते टोकन घेतल्यावर सुरू करणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या वेळेवर आपले घरातले राहिलेले काम उरकणे.

इमारतीचे कागद विक्रेत्याच्या एकट्याच्या हातात नसतात, हे खरे. पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे की नाही एवढे त्याला नक्की माहीत असते. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीने ही एक ओळ किती महाग पडते ते साऱ्या देशाला दाखवले. तिथे मंजुरी पाच मजल्यांची होती आणि एक इमारत वीस मजल्यांपर्यंत चढली. लोकांनी तिथे घरे घेतली, पिढ्या वाढवल्या, आणि 27 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवणारा निकाल कायम ठेवला. डिसेंबर 2024 मध्ये याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की बँकांनी पूर्णत्वाचे किंवा भोगवट्याचे प्रमाणपत्र तपासल्याशिवाय अशा बांधकामांवर कर्ज देऊ नये. म्हणजे ओसी नसलेल्या घराचा प्रश्न आता नैतिक राहिलेला नाही. ते घर कर्जावर विकले जाण्याची शक्यताच आटत चालली आहे. जमिनीचेही तसेच. इमारतीखालच्या जागेचे मालमत्ता पत्रक किंवा सातबारा पाहिला की ती कलेक्टरची आहे का, भोगवटादार वर्ग 2 आहे का, सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहे का, सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झाले आहे का, ते समजते. पहिल्या तिन्ही प्रकारांत हस्तांतरणाला परवानगी आणि शुल्क लागते. ती रक्कम कोणी भरायची यावर साठेखत झाल्यानंतर भांडणे होतात, आणि ती टाळण्यासारखी असतात.

सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची पावती, वीज बिल हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर लिहीत बसत नाही. दोन गोष्टी मात्र विक्रेत्याने जाणून घ्याव्यात. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे नाही. पंधरा दिवसांची आगाऊ नोटीस द्यावी लागते, आणि महापालिका हद्दीतही हस्तांतरण अधिमूल्य 25 हजार रुपयांच्या वर घेता येत नाही. बँका तरीही एनओसी मागतातच, तेव्हा ते आधी मिळवून ठेवणे शहाणपणाचे. दुसरी गोष्ट पार्किंगची. मोकळी आणि स्टिल्टमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिलेला आहे. ‘पार्किंगसह’ अशी जाहिरात करणाऱ्याने सोसायटीचे वाटपपत्र फाइलमध्ये ठेवावे, आणि ते नसेल तर तो शब्द जाहिरातीतून काढावा. घरावर कर्ज असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी मिळते. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशीर झाल्यास दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. त्याचा आधार घ्यायला कचरू नये.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की खरेदीदाराचा वकील शोध घेतोच, बँकही घेते, मग विक्रेत्याला कशाला दामटायचे? शोध घेतला जातो हे खरे; प्रश्न तो केव्हा घेतला जातो आणि कितीदा, हा आहे. एकच फ्लॅट विकला जाईपर्यंत तीन ग्राहकांनी गंभीरपणे विचार केला, तर तेच दप्तर तीन वकील तीनदा चाळतात आणि तिघांची फी तीन कुटुंबे भरतात. त्यातल्या दोघांच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय वकिलाला दप्तरात मिळते ते नोंदलेले. नोंद न झालेला भावाबहिणींचा वाद, पालिकेची आलेली नोटीस, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासासाठी झालेला ठराव, मोठ्या दुरुस्तीसाठी येऊ घातलेली वर्गणी, हे फक्त मालकालाच ठाऊक असते. आणि व्यवहार बराच पुढे गेल्यावर मागे फिरणे किती कठीण होते तेही पाहा. मुंबईत एक कोटीचा फ्लॅट घेणारा पुरुष खरेदीदार 6 टक्क्यांनी 6 लाख रुपये मुद्रांक शुल्क आणि 30 हजार रुपये नोंदणी फी भरतो. एवढे भरल्यावर सापडलेला दोष माणूस निमूटपणे गिळतो.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. कागदांच्या झेरॉक्स चार जणांच्या हाती गेल्या तर त्यांवरून बनावट दस्त होतील, परस्पर कर्ज उचलले जाईल. असे गुन्हे घडतात. यावर उपाय कागद लपवणे हा मात्र नाही. मूळ दस्त कुणाच्याही हाती देऊ नये. प्रतींवर तारीख आणि ‘केवळ तपासणीसाठी’ असा ठळक शेरा मारावा. आधार आणि पॅनच्या प्रती सौदा ठरेपर्यंत देऊ नयेत. इंडेक्स टू तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, ते दडवून काही साधत नाही. घरावर गहाण आहे का, हेही सरसाई या केंद्रीय नोंदवहीत थोड्या शुल्कात कुणीही शोधू शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुन्या इमारतींची ओसी नाही, अभिहस्तांतरण रखडलेले आहे, त्यात आजच्या मालकाचा दोष काय? फाइल सक्तीची केली तर मध्यमवर्गाची लाखो घरे विकलीच जाणार नाहीत, असे म्हटले जाते. पण माझी मागणी घर निर्दोष असले पाहिजे अशी नाही. जे आहे ते दाखवावे, जे नाही ते नाही म्हणून लिहून द्यावे, एवढीच आहे. ओसी नसलेले घर आजही विकले जाते आणि उद्याही विकले जाईल, फक्त घेणारा ते जाणून घेईल आणि त्या हिशेबाने किंमत ठरवेल. हा फरक विक्रेत्याला काही लाखांनी महाग पडू शकतो, हे कबूल केले पाहिजे. पण ते लाख आज कोण भरतो आहे? नकळत घेणारा.

परदेशातला एक अनुभव या मागणीच्या विरोधात हमखास पुढे केला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2007 च्या ऑगस्टपासून विक्रेत्याने ‘होम इन्फर्मेशन पॅक’ तयार केल्याशिवाय घर बाजारात आणायचे नाही, असा नियम हळूहळू लागू झाला. लोकांनी त्याला खर्चिक कागदी सोपस्कार म्हटले आणि मे 2010 मध्ये नव्या सरकारने तो थांबवला. पण तो का फसला ते पाहायला हवे. घराची प्रत्यक्ष अवस्था सांगणारा अहवाल, म्हणजे खरेदीदाराला ज्याची सर्वाधिक गरज होती तोच कागद, सुरुवात होण्याआधीच ऐच्छिक करून टाकला गेला होता. शेजारच्या स्कॉटलंडने तो वगळला नाही. तिथे 1 डिसेंबर 2008 पासून सर्वेक्षकाचा अहवाल, ऊर्जा अहवाल आणि मालकाने भरलेली प्रश्नावली असा ‘होम रिपोर्ट’ विक्रेत्याला द्यावा लागतो, अहवाल घर बाजारात येताना बारा आठवड्यांपेक्षा जुना चालत नाही, आणि ती पद्धत आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मालकीचा उतारा, भूवापराचा दाखला, सांडपाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा असे कागद जोडलेला करार तयार असल्याशिवाय राहते घर विक्रीला काढताच येत नाही. निरुपयोगी कागदांची सक्ती फसते, उपयोगी कागदांची टिकते. एवढाच धडा यातून घ्यायचा.

आपल्याकडे पायाभरणी झालेली आहे. रेरा कायद्याने बिल्डरला मालकीचा अहवाल, मंजुऱ्या, बोजे हे सगळे महारेराच्या संकेतस्थळावर टाकायला लावले, आणि जमिनीच्या सदोष मालकीमुळे नुकसान झाल्यास भरपाई मागायला मुदतीची आडकाठीही ठेवली नाही. कागद अपलोड झाला म्हणजे तो खरा असतोच असे नाही, हे कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी दाखवले. तिथे पालिकेच्या बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवली गेली होती. ते उघडकीला आले, कारण कागद डोळ्यांसमोर होता आणि पालिकेच्या दप्तराशी ताडून पाहता येत होता. रीसेलच्या घराला ना संकेतस्थळ आहे, ना जाहीरनामा. राज्य सरकारने एका पानाचा ठरावीक नमुना काढावा: साखळीतले दस्त, मुद्रांक शुल्क, वारस, कर्ज, ओसी, जमिनीचा प्रकार, चालू वाद आणि नोटिसा, आणि खाली मालकाची सही. कोणतीही रक्कम स्वीकारण्याआधी तो देणे बंधनकारक करावे आणि खोट्या उत्तरासाठी रक्कम व्याजासह परत करायला लावावे. नोंदणीच्या नियमांत हे बसणार नाही, तामिळनाडूच्या निकालाने ती वाट बंद केली आहे; त्यासाठी विधिमंडळानेच कायदा करायला हवा.

तोवर थांबायचे कारण नाही. घर विकायचे मनात असेल तर या आठवड्यात कपाट उघडा. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि वारसांचे कागद एकत्र लावा, आणि त्यातले जे सापडणार नाही त्याच्यासाठीचा अर्ज दलालाला फोन करण्याआधी देऊन टाका.